डाव्या कोपऱ्यातलं गवत

जालन्यात बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत मी उगवण मोजतो. ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये शंभर दाणे लावायचे, ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे, आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. सव्वीस वर्षं हेच काम. आधी कुणी मोजलं असेल तर त्याचा आकडा न बघता मोजायचं, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. मी लिहिलेला आकडा सहसा कुणी पुन्हा तपासत नाही. माझं घर माझ्या डोळ्यांवर चालतं, असं म्हटलं तरी चुकणार नाही.

लेक पुण्याला शिकायला गेली आणि रविवार मोकळे झाले. तेव्हा कॅमेरा घेतला. अंबडच्या रस्त्याला, घरापासून एकोणीस किलोमीटरवर, डांबरी सोडून आत गेलं की एक पाझर तलाव लागतो. पलीकडच्या काठाला एकच बाभूळ आहे, तिच्या मागे माळाचा उतार. एकच जागा, एकच भिंग, सूर्य उगवल्यापासून पंधरा मिनिटं, आणि त्या वेळात दहा फोटो. बांधाच्या टोकाला एक सपाट दगड आहे, त्यावर तिपाईचे तीन पाय कुठे टेकतात तिथे मी खडूने खुणा केल्या होत्या. पाऊस नव्हताच, त्यामुळे त्या टिकल्या.

कामाची पद्धत प्रयोगशाळेतलीच ठेवली. डावा डोळा मिटायचा, उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावायचा आणि बाभळीच्या बुंध्यावर नजर ठेवून थांबायचं. नजर हलवायची नाही, कारण उजेड कधी बदलतो ते बुंध्याच्या रंगावरून कळतं. खटका दाबला की, डोळा खिडकीलाच ठेवून, चौकटीत काय काय होतं ते मांडीवरच्या वहीत न बघता खरडायचं. बगळे तीन. टिटवी एक, उजवीकडे. फोटो जागेवर बघायचे नाहीत. घरी जाऊन जेवण झाल्यावर संगणकावर बघायचे आणि वहीशी ताडून पाहायचे.

या कामात इतका आनंद असेल असं मला वाटलं नव्हतं. कार्तिकात पाण्यावर वाफ धरायची आणि बाभूळ अधांतरी उभी असल्यासारखी दिसायची. एकदा माळावर काळवीट आला, मान वळवून माझ्याकडे बघत राहिला आणि बराबर चौथ्या फोटोत सापडला. वहीत लिहिलं होतं, काळवीट एक, वर, उजवीकडे. फोटोतही तिथंच. वही आणि फोटो जुळले की मला कोंब शंभरापैकी शंभर आल्यासारखं वाटायचं.

सहाव्या रविवारी जुळलं नाही. सातव्या फोटोत बाभळीच्या डावीकडे, खालच्या बाजूला, पायवाटेवर एक बाई होती. डोक्यावर किटली, अंगात गडद निळं लुगडं, तोंड माझ्याकडे. वहीत त्या फोटोपुढे लिहिलं होतं: काही नाही.

मला आधी मौज वाटली. फोटो तिच्यामुळे चांगला झाला होता, त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेला माप मिळालं होतं. लिहिताना चुकलो असेन, असं धरून मी तो छापून घेतला. पुढच्या रविवारी जास्त लक्ष देऊन बसलो आणि काही नाही असंच लिहिलं. घरी पाहिलं तर तिसऱ्या फोटोत तीच बाई, त्याच वाटेवर. या खेपेला तिचा एक हात वर होता.

नंतर एक कुत्रं आलं. नंतर दोन बाया. मी खिडकीतून बघत असायचो तेव्हा तिथे फक्त वाळलेलं गवत असायचं. अंधुक वगैरे नाही, काडी न् काडी दिसायची. डोळा काढून मान वर करेपर्यंत एखादं मिनिट जायचं. ती वाट शंभरेक पावलांवर ओढ्यातून वर येते आणि लगेच बांधाच्या वळणाआड जाते, त्यामुळे मान वर केल्यावरही तिथे कुणी नसायचं. वही खोटं बोलत नव्हती आणि फोटोही खोटा नव्हता. दोन्ही मीच केलेले होते.

मेंढ्यांचा रविवार माघातला. चौथा फोटो घेत असताना घंटा वाजू लागल्या. गळ्यातल्या घंटा, खूप साऱ्या, डावीकडून. मेंढक्याची शीळही ऐकू आली. नजर बुंध्यावरच होती, उजेड अगदी येत होता, मला डोळा काढायचा नव्हता. मेंढ्या चौकटीत आल्या की दिसतीलच, म्हणून मी थांबलो. घंटा जवळ आल्या. घंटा समोर वाजल्या. गवत तसंच उभं होतं. आवाज समोरून सरकत बांधाआड गेला आणि मी लिहिलं: घंटा ऐकल्या, मेंढ्या नाहीत. मग मान वर केली. वाटेवर धूळ तरंगत होती. खाली बसायला तिला बराच वेळ लागला.

घरी चौथ्या फोटोत मेंढ्या मोजल्या. सव्वीस. पाचव्यात मेंढका होता, खांद्यावर कोकरू घेतलेला.

त्या दुपारी मी जेवणानंतर झोपलो नाही. बायको पडद्याजवळ येऊन उभी राहिली.

"केवढ्या मेंढ्या हो."

"मला दिसल्या नाहीत."

"म्हणजे?"

"तिथे होतो, घंटा ऐकल्या. दिसल्या नाहीत."

मग मी तिला बाकीचे फोटो दाखवले, वही दाखवली. तिचं माहेर आष्टीजवळचं. तिने फोटोतल्या बाईकडे फारसं पाहिलंच नाही. बांधाच्या कडेला, निंबाखाली, शेंदूर लावलेले दगड, मी पहिल्या दिवशी जागा शोधताना मागे वळून काढलेल्या एका फोटोत आले होते. तिने त्यांच्यावर बोट ठेवलं.

"हे मोजलेत का? बाकी सगळं मोजता."

"सात असतील."

"सातच असणार. आसरा आहेत त्या." पाण्याच्या सात बहिणी, तळ्याविहिरींच्या काठी बसणाऱ्या. तिच्या माहेरी विहिरीला पाणी लागलं की आधी त्यांचा निवद. "त्यांच्या दारात इतके दिवस एक डोळा मिटून बसून राह्यलात, अन् अजून एक नारळ न्हाई. मंग काय होईल?"

"आसरा मेंढ्या राखतात का?"

"हसा. तुम्हाला दिसू द्यायचं नसंल त्यांना."

मी हसलो नव्हतो. माझा विश्वास नाही, पण आठवडाभर मी प्रयोगशाळेत प्रत्येक ट्रे दोनदा मोजला, आणि हे मी तिला सांगितलं नाही. चार दिवसांनी एका कोऱ्या ट्रेपाशी उभा राहिलो आणि आपण यात दाणे लावले होते की नव्हते, याची खात्री मला कागद बघूनच झाली. माझी सही ज्यावर चालते तेच माझ्या हातून निसटतंय असं मला वाटू लागलं होतं.

पुढच्या रविवारी ती बरोबर आली. हळदकुंकू, हिरवा खण, दहीभात, नारळ. मी दगडावर माझ्या जागी बसलो, ती माझ्या मागे निंबाखाली. तिचं पुटपुटणं ऐकत मी बुंध्याकडे बघत होतो. नारळ फुटल्याचा आवाज आला. मग दिवा पाण्याकाठी ठेवायला ती बांधाच्या वळणाने खाली उतरली आणि मी एकटा राहिलो. त्या दिवशी गवत इतकं स्थिर होतं की मला त्याच्याकडे बघवेना. तरी नियम म्हणून नजर हलवली नाही. नवव्या फोटोच्या वेळी बायांचं बोलणं ऐकू आलं, हसणंही. डोळा काढून पाहिलं तर वाटेवर कुणी नव्हतं.

बायको वर आली ती तोंडाला पदर लावून.

"कोणाशी बोलत होतीस?"

"तुमच्या बाईशी. निळं लुगडं. दूध घेऊन सडकेला जाते रोज, पलीकडच्या वस्तीवरची आहे. चांगली हाडामासाची हाय."

"कधी आली?"

"आत्ता. तुमच्या समोरून आली की. मला म्हणे, ते फोटोवाले सायब तुमचे का? लई ताठ हायेत. दिसले की मी हात करून राह्यले दिवाळीपासून, बघून न बघितल्यासारखं करतात. म्हणे, सासऱ्यानं तर सांगून ठेवलंय, त्या माणसाला हाक मारू नको, त्याचं बिलकुल चांगलं लक्षण न्हाई."

म्हणजे वस्तीवर माझीच भीती होती. दर रविवारी अंधारात येऊन एका जागी बसणारा, माणसं समोरून गेली तरी डोळा न हलवणारा. बायकोला हे इतकं गमतीचं वाटलं की मोटारसायकलवर मागे बसूनही ती हसत होती. मी गाडी तीसच्या वर नेली नाही. एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. बाई खरी असेल, मेंढ्या खऱ्या असतील, तर खोटं काय उरतं?

उत्तर माझ्या कामातच होतं आणि मला ते सुचायला तेवीस रविवार लागले. दाणे ट्रेमध्ये इथे तिथे उगवले नाहीत तर बियाणं कमी म्हणायचं. पण न उगवलेल्या सगळ्या जागा एकाच कोपऱ्यात आल्या तर बियाण्याला दोष द्यायचा नाही. ट्रे तपासायचा, तिथे पाणी पोचलं का ते बघायचं. त्या रात्री जेवणाआधी मी एका कागदावर चौकट आखली, आडवे सहा आणि उभे चार, चोवीस घरं. फोटोत असलेलं आणि वहीत नसलेलं जे जे होतं त्याची फुली त्या त्या घरात मारली. नऊ रविवारांच्या फुल्या. बाई, कुत्रं, दोन बाया, सव्वीस मेंढ्या, सगळ्या लागून असलेल्या तीन घरांत. बुंध्याच्या डावीकडे, खाली. मग उलट मोजलं. वहीत नोंदलेले बगळे, टिटव्या, काळवीट. त्या तीन घरांत एकही नोंद नाही. तेवीस रविवारांत एकही नाही.

ट्रे म्हणजे कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याने तर सगळं टिपलं होतं.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, कागद घेऊन. त्यांनी एका अर्धगोल भांड्यात तोंड घालायला लावलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला ते काम ओळखीचं वाटलं. डाव्या डोळ्याची तपासणी नीट चालली. उजव्याच्या वेळी मध्येच बराच वेळ काही दिसेना. यंत्र बंद पडलं का, असं मी विचारलं. सहायक बाई म्हणाल्या, "चालू आहे काका, बघत राहा."

यंत्रातून निघालेला कागद डॉक्टरांनी माझ्या चौकटीशेजारी ठेवला. त्यांच्या कागदावर जिथे काळं होतं, तिथेच माझ्या फुल्या होत्या.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "लोक फार उशिरा येतात, कारण दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. तुम्ही एक डोळा मिटून बसत होता म्हणून सापडलं. गेलं ते परत येणार नाही. आहे ते राखायचं. थेंब रोज, एकही वेळ चुकवायची नाही."

"पण मला तिथे काळं दिसत नव्हतं," मी म्हणालो. "गवत दिसत होतं."

"काळं दिसत नाही कुणाला. मेंदू आजूबाजूचं उचलून तिथे भरतो."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि मागच्या मोजण्या दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लावल्या. दोन महिन्यांचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा लावून मोजले गेले. आकडे बराबर निघाले. सही अजून माझीच चालते. थेंबांची वेळ मी चुकवत नाही.

पण ते गवत माझ्या मनातून जाईना. इतके रविवार मी त्याच्याकडे बघितलं होतं. त्याच्या काड्या, त्याचा पिवळा रंग, त्यावरचा उजेड. त्यातलं काहीच तिथे नव्हतं. ते कुणी रंगवलं म्हणायचं? मी तर नाही. मी बुंध्याकडे बघत होतो.

चैत्रात आम्ही दोघं पुन्हा गेलो. पाणी बरंच मागे सरलं होतं. कॅमेरा मी पिशवीतून काढला नाही. दगडावर बसलो, हाताने डावा डोळा झाकला आणि बुंध्यावर नजर ठेवली. बायकोला सांगितलं, बाभळीपासून डावीकडे वाटेने हळूहळू चाल आणि बोलत राहा.

"काय बोलू?"

"काहीपण."

"तुमच्या मावशीला फोन करायचा राह्यला," ती मोठ्याने म्हणाली. तिचं गुलाबी लुगडं बुंध्यापासून निघालं, दहा पावलं, पंधरा पावलं. मग पदर गेला, मग खांदा, आणि मग ती गेली. भोक पडलं नाही, काही फाटलं नाही. ती होती तिथे वाळलेलं गवत उभं राहिलं, सगळीकडे होतं तसंच.

"दिसून राह्यले का?" गवतातून आवाज आला.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

ती थोडा वेळ गप्प झाली. वारा आला आणि तिच्या जागचं गवतही बाकीच्याबरोबर हललं. हात काढला असता तर ती दिसली असती, हे मला माहीत होतं. हात काढायचा धीर होईना. हात काढला आणि तरीही तिथे गवतच असलं तर, असं वाटलं.

"बोल गं," मी म्हणालो. "थांबू नको."