माहीत नाही, पाहून सांगते

कोर्टात वकील सगळं बोलतात, फक्त "मला माहीत नाही" एवढं बोलत नाहीत. आमच्या ताई बोलायच्या. मान ताठ, आवाज खणखणीत: "माहीत नाही, मायलॉर्ड. पाहून सांगते." बाकावरचे दिग्गज वकील तेव्हा गालातल्या गालात हसायचे आणि ताईंनी खरंच पाहून सांगितलं की आपापल्या फाइली चाळू लागायचे.

ताई मूळच्या पाचोडच्या. क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून लागले, तिथं 'मॅडम' म्हणायला बंदी होती. त्याआधी मी जिथं ज्युनिअर होते, तिथं एका पानाचा क्रमांक चुकला म्हणून सरांनी फाइल अंगावर भिरकावली होती. तेव्हापासून मी प्रत्येक मसुदा डोळे दुखेपर्यंत तपासायची. ॲसिडिटी जडली, केस गळू लागले, वकिली सोडावी असंही मनात येऊ लागलं. ताईंनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "चूक झाली तर आधी सांग, मग रड," त्या म्हणाल्या. "उलटं केलं की पक्षकार मरतो."

पण खोड अशी जाते थोडीच! वेरूळच्या एका अंगणवाडी सेविकेला कामावरून काढलं होतं. तिची याचिका मी लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. ती बिचारी रोज फोन करायची. तिच्या जागी दुसरी बाई आली की सगळंच अवघड होणार होतं. शेवटी ताईंनी कागद माझ्या हातातून ओढूनच घेतले. "लई देखणं झालंय, आता पुरं कर. तिला मोती नाय पाहिजेत, स्थगिती पाहिजे. आन् कोर्टात तूच उभं राहायचं."

राहिले उभी. न्यायमूर्तींनी विचारलं, "हिच्या जागी कोणाची नेमणूक झाली आहे का?" "नाही" म्हणून मोकळं व्हावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. वळून पाहिलं, तर ताई खुशाल खिडकीबाहेर बघत बसलेल्या. मग मीच म्हणाले, "माहीत नाही, मायलॉर्ड. पाहून सांगते."

आभाळ काही कोसळलं नाही. "जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा," ते म्हणाले. व्हरांड्यातून फोन केले, तर कळलं की नेमणूक दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. दुपारी ते जसंच्या तसं सांगितलं आणि स्थगिती मिळाली. त्या संध्याकाळी ताईंनी मला मटणाचा झणझणीत नान-खलिया पोटभर खाऊ घातला आणि माझ्या ॲसिडिटीनं चकार शब्द काढला नाही. वकिली सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता ताई पाचोडला भावाकडे असतात. विसरायला लागल्यात. परवा भेटायला गेले. शेजारी बसून विचारलं, "ताई, मी कोण?" त्यांचे भाऊ कासावीस झाले. म्हणाले, "नको विचारू पोरी, आम्हालाबी वळखत नाय ती." ताईंनी मात्र मला नीट न्याहाळलं. मान ताठ झाली. आवाज तोच, खणखणीत.

"माहीत नाही. पाहून सांगते."

मी त्यांचा हात धरला. आधी सांगितलं, "जेवणानंतर सांगा, ताई. घाई नाही."

मग रडले.