कांचीपुरमला चिकटवलेलं गोत्र

“गोत्रम्?” पुजाऱ्याने विचारलं.

कांचीपुरमचं देऊळ. अर्चनेच्या रांगेत आम्ही कॅनडातल्या मिसिसागाच्या चार बायका, हातात नारळ-फुलांच्या परड्या. तिघींनी पटापट गोत्र, नक्षत्र, नाव सांगितलं. माझी पाळी आली आणि जीभ अडकली. माझी! तिकडे एअरपोर्टजवळच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलता उचलता स्वतःचे ट्रक उभे केले ते या जिभेवर. त्याच सकाळी साडीच्या दुकानातून मी दोनदा उठून बाहेर पडले, तेव्हा कुठे दुकानदार नमला. तेव्हा तिघी माझ्या मागे. “तू बोल गं, तुला जमतं.”

मागची माणसं ढकलू लागली. मेधाताई माझ्या खांद्यावरून वाकल्या. “काश्यप, काश्यप,” पुजाऱ्याला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, मराठीत, “ज्यांना नसतं ना, त्यांना तेच लावतात.”

बाकीच्या दोघी हसल्या. पुजाऱ्याने माझ्या नावाला काश्यप जोडलं. मी मुकाट्याने कुंकू घेतलं.

नागपूरच्या आमच्या घरात गोत्र नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. मी गेले होते ते दगडातलं कोरीवकाम बघायला. या तिघी रांगेत शिरल्या, म्हणून मीही शिरले. मैत्रिणी समजत होते.

परत आल्यावर मेधाताईंच्या बेसमेंटमध्ये सगळे जमले. जिन्याशी ओल्या बुटांचा ढीग, टीव्हीवर सहलीचे फोटो. देवळाचा फोटो आला आणि मेधाताईंना चेव चढला.

“आमच्या हिने अख्खं कांचीपुरम घासाघीस करून रडवलं. आणि गोत्र विचारलं तर ततपप! शेवटी मीच दिलं. एकदम फ्री!”

हशा. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीने विचारलं, “आई, व्हॉट्स सो फनी?”

देवळात गप्प बसले ते बसले. आता हिच्यासमोर बसले, तर ही पण हसायला शिकेल. आपल्याच पणजोबांना.

मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

“मेधाताई, मी मागितलं होतं?”

“अगं, चिडतेस काय! जोक होता.”

“मागितलं होतं का?”

“रांग खोळंबली होती, बाई. आणि इथे कॅनडात कोण मानतं हे सगळं?”

“तुम्ही मानता. म्हणून तर हसलात.”

कुणीतरी समोशांचं ताट पुढे केलं. मी ते बाजूला सारलं.

“तुमचं गोत्र तुमच्याकडे ठेवा. माझ्या आजोबांनी देव नदीत सोडले, मी त्यांची नात. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं. पुजाऱ्यालासुद्धा.”

लेकीला कोट घालायला लावला. गाडीत तिला सगळं सांगितलं. वस्तीचं, टोपलीचं, नदीचं. मराठीतच सांगितलं, काही गाळलं नाही.

मार्चमध्ये मेधाताईंचा फोन आला. काहीच झालं नसल्यासारखा. आता रामेश्वरम्ची सहल. “गाडीवाल्याशी तूच बोल गं, तुला जमतं.”

“जमतं,” म्हटलं. “तुमच्यासाठी नाही.” फोन ठेवला.

भाव मी मरेपर्यंत करीन. आजोबांच्या बाबतीत घासाघीस नाही. कुणाशीच नाही.