सोयाबीनवाल्या बाईमागचा नंबर

नेकनूरच्या गिरणीत त्या बाईमागं कुणी नंबर लावायचं नाही. ती गव्हात सोयाबीन मिसळून आणायची, आणि आधीच्या दळणाचं थोडं पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतंच. तेव्हा आमच्याकडं सोयाबीन नवं होतं. लोक ते पेरायचे, विकायचे. खायचं मात्र कुणी नाही.

माझी तीन वर्षांची लेक अंगच धरत नव्हती. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पिठात सोयाबीन घालायला सांगितलं. मी कच्चंच दळून आणलं; पोरीनं पहिलाच घास थुंकला. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम त्या बाईमागं उभी राहिले. तिनं माझ्या डब्यात हात घातला, एक दाणा दाताखाली फोडला आणि कपाळावर हात मारला.

"कावून कच्चंच आणलंस, माय? आधी खमंग भाज. आमी बी असंच केलतं. पोळीला म्हशीनंसुद्दा तोंड लावलं न्हाई!"

माझा डबा तिनं बाजूला सारला आणि आपलं निम्मं गरम पीठ माझ्या पिशवीत ओतलं. त्या संध्याकाळी लेकीनं पोळी संपवली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.

बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढं गिरणीत माझ्यामागंही कुणी नंबर लावेना. एखादीनं लावलाच, तर मी आधी तिच्या डब्यात हात घालायची.