पाडव्याच्या दिवशीची समिती

नांदुऱ्याहून पूर्णेकडे निघालं की जमीन काळी होत जाते आणि पाणी खारं. आमच्या गावात त्या पाण्यात डाळ शिजत नसे. गोड पाण्याची एकच विहीर होती, नाल्याकाठी, सरकारी जागेत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मलकापूरचं एक सेवा मंडळ आणि लांबच्या शहरातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज यांनी मिळून ठरवलं, की त्या विहिरीवर ऑइल इंजिन बसवायचं आणि गावात टाकी बांधायची. पैसा मंडळाचा, आखणी आणि मेहनत कॉलेजच्या पोरांची.

मी जन्माने माळी. बापाच्या वाट्याला भाजीचा एक तुकडा होता, त्यावर पोट भरेना म्हणून मी जुनी इंजिनं आणि पाइप यांच्या खरेदी-विक्रीत पडलो आणि त्यात उभा राहिलो, पुढे मळाही वाढवला. टाकीचे पाइप मलकापूरच्या बाजारातून मीच काढून दिले. व्यापारी दोनदा उठून गेला, मी दोनदा उठून गेलो, तेव्हा कुठे भाव जमला. दलाली घेतली नाही. टाकी माळीपुऱ्यात यावी, एवढंच मनात होतं. आमच्या बायका गोड पाण्यासाठी नाल्यापर्यंत जात, आणि माझी बायको पायाने अधू होती.

कॉलेजचे प्रोफेसर सरळ माणूस. त्यांनी अट घातली, की टाकीची जागा गावाची समिती ठरवेल आणि समितीत प्रत्येक समाजाचा माणूस असेल. अट चांगली होती. माणसं निवडायचं काम मात्र त्यांनी पाटलावर सोपवलं. पाटलाने कुणबी, माळी, धनगर, मुसलमान, बौद्ध असा एकेक माणूस उभा केला. प्रोफेसर खूश झाले. पोरांनी फोटो काढला.

पाचही जण पाटलाचे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी.

मी प्रोफेसरांना गाठून म्हणालो, "साहेब, पाच समाज आहेत, पण भाकर एकाच घरची आहे." ते म्हणाले, "माळी समाजाची जागा भरली आहे हो. तुमचं सहकार्य आम्ही विसरणार नाही." पाइपाला मी लागतो आणि बसायला दुसरा माळी. ते मला अजून सलतं.

पहिल्या बैठकीत टाकी पाटलाच्या वाड्यापुढे घ्यायचं ठरत आलं. पाचही माना डोलल्या. बौद्धवाड्यातल्या बायांना त्या दारात घागर टेकवता येणार नव्हती, हे प्रोफेसरांना कोण सांगणार? सालदार मालकापुढे बोलत नाही. वर्षभर त्याचं तोंड मालकाकडे गहाण असतं. पक्का निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा होता.

मी दाराशी उभा होतो. एवढंच म्हणालो, "पाइप पाडव्याच्या आदल्या दिवशी येऊन राह्यले. बैठक पाडव्याच्या सकाळीच ठेवा, सगळे घरी सापडतात." पाटलाने मान हलवली. त्याचे सालदार वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे त्याच्या ध्यानात काही आलं नाही.

आमच्याकडे सालदाराचं साल गुढीपाडव्याला संपतं. सकाळी तो मालकाचा चाबूक आणि दोर परत करतो, घरी जाऊन अंघोळ करतो. नवं साल ठरतं ते संध्याकाळी, सुपारी फोडून. मधले काही तास तो कुणाचाच नसतो.

शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली होती. मी समितीत नव्हतो म्हणून पायरीवर बसलो. प्रोफेसरांनी विचारलं, "मग वाड्यापुढे नक्की ना?" या वेळी एकही मान डोलली नाही.

पाटील म्हणाला, "काऊन बे, जीभ गिळली काय?"

बौद्धवाड्यातला सालदार सगळ्यांत वडील. तो शांतपणे म्हणाला, "पाटील, चाबूक मी सकाळीच खुटीले टांगला. आज मले बोलू द्या." मग प्रोफेसरांकडे वळून म्हणाला, "टाकी आमच्या बौद्धवाड्याच्या तोंडाशी घ्या, सायेब. तिथं कोनी कोनाले हटकत नाही."

मी पायरीवरून म्हणालो, "माळीपुरा उंच आहे. पाइप कमी लागन."

समितीतला माळी, आमच्याच पुऱ्यातला, हसून म्हणाला, "भाऊ, तुमच्या दारात टाकी देली तं तुमी वांग्याईले पाजान. आमाले रिकामी घागर."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "पाइप मी आणले. उचलून नेतो."

"पाइप मंडळाचे," तो म्हणाला. "तुमी भाव केला."

पाचही हात बौद्धवाड्याच्या बाजूने वर झाले. मी धोतर झटकून घरी आलो आणि दुपारी जेवलो नाही. बायको म्हणाली, "नाल्यापरीस जवळच आहे ना? मंग?"

संध्याकाळी पाटलाने चौघांना सुपारी दिली. वडील सालदाराला बोलावलंच नाही. दिवेलागणीला तो माझ्या अंगणात येऊन बसला.

"ठेवता काय?"

सकाळचा राग माझ्या तोंडावर होता, पण असा माणूस पाटलाने सोडावा आणि मी जाऊ द्यावा, एवढा मी खुळा नव्हतो. आम्ही धान्यावर घासाघीस केली, पायातल्या जोड्यावर केली, मी एकदा उठलो, तो एकदा उठला. शेवटी तो म्हणाला, "एक राह्यलं. समितीत मी माह्या मतानं बोलीन. पाडव्यालेच नाही, बाराही मयने."

"माह्या विरुद्ध?"

"लागलं तं."

मी सुपारी फोडली. अडकित्ता जरा जोरात दाबला गेला.

टाकी झाली. तिच्यावर फरशी बसवली, तीत सर्व समाजांच्या सहकार्याचा उल्लेख आहे आणि पाटलाचे आभार आहेत. पाइपाबद्दल अक्षर नाही. त्या पावसाळ्यात मी समितीकडे माळीपुऱ्यासाठी वेगळा नळ मागितला. माझा सालदार माझ्या बैलगाडीतून माझ्याबरोबर बैठकीला आला, सतरंजीवर जाऊन बसला आणि पायरीवर बसलेल्या माझ्याकडे पाहत म्हणाला, "आदी धनगरवाड्याले द्या. त्यायले लांब पडते."

परतताना गाडी त्यानेच हाकली.