ऑइलचा वास नसलेला शर्ट

भोसरीत एखाद्या वर्कशॉपसमोरून जाताना तापलेल्या ऑइलचा वास आला, की मला आजही ती एक संध्याकाळ आठवते.

तोच वास रोज पप्पांच्या शर्टाला यायचा. त्या संध्याकाळीही ते शिफ्ट सुटायच्या वेळेलाच घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि चहा घ्यायला बसले. मी शेजारीच गणितं सोडवत होतो. धाकटी सुमी त्यांना बिलगली आणि एकदम मागे सरली.

“पप्पा, तुमची कंपनी बंद पडली का?”

“काय अभद्र बोलतेस गं!” आईनं लाटणं उगारलं.

पप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

सुमी हळूच म्हणाली, “शर्टाला ऑइलचा वासच येत नाही हल्ली.”

तव्यावरची पोळी करपायला लागली.

घरातला हुशार मी होतो. सुमी गणितात नापास व्हायची. तो शर्ट रोज माझ्याही शेजारीच असायचा. पण पप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सुमीला जवळ ओढलं आणि थोरल्या माणसाला विचारावं तसं विचारलं,

“आता काय करायचं गं, सुमे?”