खळ्यावरची कुमुद

कुमुद गेल्याची बातमी मला एकाच सकाळी दोनदा मिळाली. आधी तिच्या भावाचा फोन आला. "ताई गेली रे," एवढंच तो म्हणाला. तासाभरात तालुक्याच्या नाट्यसमितीचा संदेश आला. त्यात ती 'रंगभूमीची निस्सीम उपासक' झाली होती, तिच्या जाण्याने पोकळीही निर्माण झाली होती आणि शोकसभा नव्या वातानुकूलित सभागृहात ठेवली होती. तिथे तिने जिवंतपणी पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी एक ओळ होती : कुमुदताईंचं तालमीत असलेलं नाटक श्रद्धांजली म्हणून याच सभागृहात सादर होईल. ती ओळ वाचून माझं रडू थांबलं. दुःखावर राग हा बरा उतारा आहे.

आदल्याच आठवड्यात अलिबागच्या इस्पितळात तिने मला, तिच्या नाटकांतल्या जुन्या मदतनिसाला, दम भरला होता. नाकात नळी, आवाज अर्धा, पण भुवया जुन्याच. "नाटक खळ्यावरच व्हायला हवं. त्या हॉलमध्ये केलंत तर मी येणार नाही."

"तशीही तू..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली. ती खोकला येईपर्यंत हसली. "अरे गाढवा, हॉलमध्ये माझी गरज पडेल, भांडायला. खळ्यावर नाही पडायची."

खळं म्हणजे मुरुडच्या पुढे कोळीवाड्यातली मासळी वाळवायची मोकळी जागा. काठ्यांवर बोंबील टांगलेले, खाली सुकटीसाठी बारीक जवळा पसरलेला, वरती कावळे. या जागेवर आता बाकं, रंगीत दिवे आणि फोटो काढायला भलंमोठं हृदय उभं करायचं ठरलंय. त्याला किनाऱ्याचं सुशोभीकरण म्हणतात. कुमुदचं नाटक त्यावरच होतं, आणि खळ्यावर राबणाऱ्या बायकाच त्यात खळ्यावर राबणाऱ्या बायका झाल्या होत्या. ते सभागृहात हलवायचं म्हणजे खळं रिकामं करण्याच्या कामी आपणच पहिला हात लावायचा. समितीच्या हे लक्षात आलं नव्हतं की चांगलंच आलं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुमुद मूळची मुंबईच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवणारी दिग्दर्शिका. एका अंतिम फेरीत दीपप्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तर आणि उत्तराबद्दल आभार इतकं रंगलं, की तिच्या एकांकिकेचा पडदा उघडला तेव्हा नटांचा रंग ओघळला होता. त्यानंतर तिने पडद्याचं तोंड पाहिलं नाही. गावी परतून शाळेत शिकवू लागली आणि मिळेल तिथे नाटक करू लागली. एसटीच्या थांब्यावर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात, वादळानंतर दिवेआगरच्या एका वाडीत आडव्या झालेल्या सुपारीच्या झाडांमध्ये. नियम एकच : जागेवरचं काम थांबवायचं नाही. थांब्यावर एसटी आली की नट थांबत, प्रवासी चढत, काहीजण गाडी सोडून पुढचं नाटक पाहायला राहत. मिळालेल्या शाली ती प्रेक्षकांना खाली अंथरायला द्यायची. म्हणायची, शालीला एवढं सन्मानाचं आयुष्य दुसरीकडे मिळणार नाही.

तिची सगळ्यात मोठी चूक मी पाहिलेली आहे, आणि सगळ्यात मोठं यशही तेच. ग्रामसभेवरचं एक विनोदी नाटक तिने पुळणीवर बसवलं. तालमी अष्टमीच्या आसपासच्या सकाळी झाल्या, तेव्हा पाणी लांब होतं. प्रयोग मात्र सुट्टी बघून पुनवेला ठेवला, त्याही सकाळीच. उधाणाची भरती चढू लागली. प्रेक्षक शाली उचलत मागे सरकले, नट गुडघाभर पाण्यात ठराव मांडत राहिले आणि सरपंचांची खुर्ची सगळ्यांदेखत निघून गेली. एवढ्या टाळ्या त्या किनाऱ्याने पुन्हा ऐकल्या नाहीत. निम्मे नट कोळी होते. पुनवेला पाणी कुठवर येतं, ते त्यांना कुणी सांगायला नको. कुमुद त्यांच्यावर कडाडली, "मग एकाने तरी बोलायचं की नाही?"

हिरा कोळीण, तिची आवडती नटी, लुगडं पिळत म्हणाली, "बाई, आमाला वाटला, पानीबी नाटकात हाय."

कुमुद तिथेच ओल्या वाळूत बसून हसत राहिली. पुढच्या प्रत्येक नाटकाच्या पहिल्या दिवशी ती हिराला विचारायची, "आणखी कोण कोण आहे गं यात?" मग कावळे, भोंगे, मांजरं, नमाजाची वेळ, सगळ्यांना जागा मिळायची.

शोकसभेला मी गेलो नाही. हिरा जाऊन आली. "गार होता," एवढाच तिचा अभिप्राय. सभागृहात नाटक करायला बायका तयार नव्हत्या, म्हणून खळ्यावरच्या प्रयोगासाठी आम्ही तालुक्याच्या कचेरीकडे रीतसर परवानगी मागितली. उत्तर मिळालं : नाटकासाठी सुसज्ज सभागृह उपलब्ध आहे. मी हातपाय गाळले. शिकलेल्या माणसाला नकार लगेच पटतो. हिराने विचारलं, "मासली वालवाला परवानगी लागतं का?"

"नाही."

"मंग आमी मासली वालवतो. तुमी सुकट घ्यायला या. जरा जास्त जनं या."

आम्ही जरा जास्त जण गेलो. मंच नाही, माईक नाही, तिकीट नाही. बायका बोंबील टांगत होत्या आणि बोलत होत्या. मध्येच कचेरीतून एक साहेब आले. "नाटक कुठे चाललंय?" त्यांनी जोरात विचारलं.

"मी पन तेच शोधतंय सायेब," हिरा म्हणाली. "गावला तर सांगा." आणि त्यांच्याकडेच तोंड करून तिने पुढचं वाक्य टाकलं, "सावली हलंल. मी न्हाय." साहेब बराच वेळ उभे होते. जाताना त्यांनी पायातल्या जवळ्याला वळसा घातला.

कुमुदच्या नाटकांना शेवट कळेल असा शेवट नसायचा. लोक घुटमळत, एकमेकांकडे बघत. इथेही तेच झालं. आम्ही पांगलो तरी बायका टांगतच होत्या, बोलतच होत्या.

सुशोभीकरणाचा फलक अजून लागलेला आहे. काम सुरू झालेलं नाही. परवा सकाळी सुकट घ्यायला गेलो, तर जवळा परतता परतता हिराचं तेच वाक्य सुरू होतं, 'सावली हलंल' नंतर कुमुदने बसवलेला विराम मोजून. पर्यटकांचं एक जोडपं नाक धरून चाललं होतं, ते थबकलं. मुलीने विचारलं, "मावशी, इथे काय चाललंय?"

हिराने मान वर न करता बाजूची टोपली पालथी घातली. "बसा," ती म्हणाली, "आत्ताच चालू झालाय."