आईच्या उंचीची देवळी

अकोल्याला गिरणी कामगारांसाठी सरकारी चाळी बांधून होत आल्या होत्या. बाबांच्या नावावर खोली लागली, तशी आई मला घेऊन ती पाहायला गेली. आत एक म्हातारा गवंडी गिलावा करत होता. कानामागे विडी, आणि बोलतानाही हातातली थापी थांबायची नाही.

त्यानं आईला भिंतीपाशी बोलावलं. "दिवा लावता तसा हात पुढं करा बाई. ताणू नका." हात टेकला तिथं त्यानं विटेच्या तुकड्यानं खूण केली.

"हे काय करून राहिले, दादा?"

"देवळी. साहेबाच्या नकाशात नाई, पण घराले दिव्यापुरती जागा पायजे."

आई घुटमळली. आम्ही नुकतीच दीक्षा घेतली होती. जुने देव गावच्या नदीत सोडून आलो होतो. शेवटी ती म्हणाली, "आमच्या घरी आता देव नाईत. बुद्धाची तसबीर हाये."

त्यानं वळूनही पाहिलं नाही. "मी जागा करून देतो. कोणाले बसवाचं, ते तुमी पाहा."

राहायला गेल्यावर कळलं, बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या त्या चाळीत प्रत्येक घरची देवळी वेगळ्या उंचीवर होती. त्या गवंड्याचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

आई ठेंगणी होती. मी उंच निघाले. ती गेल्यापासून तिथं दिवा मीच लावते, आणि रोज मला जरासं वाकावं लागतं. तेवढं वाकणं मी त्या दोघांचं देणं लागते.